तीस फुटांच्या पन्हळीला मधोमध झोल: बदलायची की उचलायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संगमेश्वर तालुक्यातलं गावचं कौलारू घर, गणपती आणि मे महिना सोडला तर बंद. पुढच्या पाख्याला, म्हणजे छपराच्या पुढच्या उताराला, ३० फूट लांब पन्हळ, ६ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली, तीन वर्षांपूर्वी बसवलेली. आता तिला मधोमध पोट आलंय. पाणी टोकाला खाली उतरणाऱ्या पाइपात जायचं सोडून मधूनच पायरीवर कोसळतं, आणि ओटीच्या भिंतीला एका जागी वरून ओल उतरलीय. गावातला कारागीर म्हणतो, ही काढून टाकू, ८ इंची बसवू. तुम्ही विचारताय, नवी घ्यावी की हीच वर उचलून भागेल?

चिपळूणच्या बाजूला मी वीसेक वर्षं छपरांची कामं करतोय. त्यात निम्मी कामं आधीच्या कुणीतरी केलेल्या पन्हळी सोडवण्याची, आणि त्या 'आधीच्या कुणीतरी'मध्ये काही वेळा मीच असतो. न बघता सांगायचं तर माझा अंदाज असा की तुमची पन्हळ बहुतेक वाचेल. पण ती ज्याला टांगलीय ते वाचेल की नाही, हे शिडीवर चढल्याशिवाय मी सांगू शकत नाही आणि तुमचा कारागीरही सांगू शकत नाही. झोल दिसतो पन्हळीत, सुटलेलं असतं मागे काहीतरी. प्रश्न एवढाच की काय सुटलंय.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण तो कुणी करत नाही. ६ इंची पाइप मधोमध चिरला की प्रत्येक मीटरला साधारण नऊ लिटर पाणी मावतं. म्हणजे मीटरमागे नऊ किलो. तुमची ३० फूट म्हणजे नऊ मीटर. तोंडोतोंड भरली तर ऐंशी किलो झाले. एक चांगला खाल्लापिल्ला माणूस तुमच्या पागोळ्यांच्या जागी आडवा झोपलाय असं समजा. त्यात आंब्याफणसाची भिजलेली पानं आणि कौलांवरून धुऊन आलेला शेवाळाचा गाळ धरलेला नाही. आता तुम्हीच लिहिलंय की क्लॅम्प, म्हणजे पन्हळ धरणाऱ्या पट्ट्या, पाच-पाच फुटांवर आहेत, म्हणजे सगळे मिळून सात. मधल्या एकेका क्लॅम्पवर तेरा-चौदा किलो. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही, पण तो बहुतेक एका खिळ्यावर असतो, आणि तो खिळा वाशाच्या टोकात, समोरून मारलेला असतो.

इथेच पहिली गोम आहे. लाकडाच्या टोकात, रेषांच्या दिशेने मारलेला खिळा किंवा स्क्रू धरून राहत नाही. तोच स्क्रू वाशाच्या बाजूने, रेषांना आडवा मारला तर कितीतरी जास्त पकडतो. समोरून मारणं सोपं असतं, शिडीवर उभं राहून दोन हातोडे घातले की झालं. म्हणून सगळे तसंच करतात. पहिल्या पावसाळ्यात खिळा दोरा-दोन दोरे बाहेर येतो, दुसऱ्यात अर्धा इंच, आणि तिसऱ्यात तुम्ही मला प्रश्न विचारता.

एकदा मधला क्लॅम्प सैल झाला की पुढचं आपोआप होतं. तिथे खोलगा झाला की पाणी थांबतं. पाणी थांबलं की गाळ बसतो, गाळावर शेवाळ आणि पानं. पाऊस उघडला तरी ते ओझं तसंच राहतं, मग झोल आणखी वाढतो. जुलैमध्ये कित्येक पन्हळींत मी गवत उगवलेलं पाहिलंय, एकीत तर नेच्याचं झुडूप चांगलं वीतभर होतं.

पीव्हीसीचा स्वतःचा दोषही आहे. हे प्लास्टिक उन्हात लांबतं. नऊ मीटर लांबीला तापमान तीस अंशांनी बदललं तर साधारण दीड ते दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. आपल्याकडे पहाटे आणि भर दुपारी तापलेल्या छपराच्या कडेला एवढा फरक सहज असतो. दोन्ही टोकं घट्ट आवळली असतील तर ती लांबी जाणार कुठे? मधे फुगते, वाकते. शिवाय पाइप चिरला की त्याच्या अंगातला ताण सुटतो, कडा आत वळतात आणि लांबी पिळली जाते. तयार मिळणाऱ्या पन्हळीला कडेला दुमड असते, तिच्यामुळे ताठपणा येतो. चिरलेल्या पाइपाला तो नसतो. तरीही मी चिरलेला पाइप वाईट म्हणणार नाही. स्वस्त आहे, गावात मिळतो, आणि दर दोन फुटांवर आधार दिला तर चांगली वर्षं काढतो. आमचे आजोबा पोफळीचं खोड उभं चिरून, कोरून पन्हळी करायचे. त्या मानाने हे चैनीचंच.

आता तुमच्या प्रश्नातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली तिच्याकडे येतो: भिंतीची ओल. मधून पाणी पायरीवर पडतंय ते पुढच्या कडेवरून बाहेर पडतंय. त्याने अंगण खराब होईल, पायरीवर शेवाळ येईल, जोत्याच्या चिऱ्यावर शिंतोडे उडतील. पण ओटीच्या भिंतीला वरून ओल येत असेल तर पाणी मागे जातंय. म्हणजे दुखणी दोन आहेत. दुसरं जास्त वाईट, कारण मागे गेलेलं पाणी शेवटची रीप (कौलं जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी) आणि वाशांची टोकं कायम भिजत ठेवतं. पन्हळ ज्या लाकडाला टांगलीय तेच लाकूड ती कुजवते.

पाणी मागे जाण्याची कारणं मला दोनच सापडत आलीत. एक, शेवटच्या ओळीची कौलं पन्हळीत पुरेशी आलेली नसतात. मंगलोरी कौलाच्या कडेला आलेलं पाणी सरळ खाली पडत नाही, थोडं कौलाच्या पोटाला चिकटून मागे सरकतं. कौल पन्हळीच्या मागच्या कडेपासून दीड-दोन इंच आत आलेलं हवं. फार पुढे आलं तर मात्र जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून उडी मारतं. दुसरं कारण, पन्हळीची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली गेलेली असते. खिळा सुटला की पन्हळ पुढे कलंडेल असं वाटतं, पण पट्टी कशी वाकली यावर ते असतं, आणि कधीकधी ती भिंतीकडे कलंडते. बसवतानाच मागची कड सेंटीमीटरभर वर ठेवायची. म्हणजे तुंबली तरी पाणी अंगणात पडेल, घरात येणार नाही.

तेव्हा तुमच्या कारागिराला शिडीवर चढवाल तेव्हा हातात एक स्क्रूड्रायव्हर द्या. ओल जिथे आहे त्याच्या वरच्या तीन-चार वाशांची टोकं खालून आणि बाजूने टोचून बघायला सांगा. चांगल्या ऐनाच्या किंवा किंजळाच्या वाशात टोक जेमतेम शिरतं. अर्धा इंच सहज घुसलं तर टोक गेलं. ठोकून आवाज ऐकला तरी कळतं, कुजलेलं लाकूड बद्द वाजतं. वाळवीची मातीची रेघ दिसतेय का तेही बघा. बंद घरात ती कुणाच्या लक्षात येत नाही.

टोकं शाबूत निघाली तर काम सोपं, एका दिवसाचं. पन्हळ पूर्ण उतरवा, धुवा. जागच्या जागी उचलायचा मोह नको. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. सुरुवातीच्या काळात एका घरी मी असाच झोल तारेने वर ओढून शेवटच्या रिपेला बांधला होता. दिसायला एकदम सरळ. पुढच्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या सरीत रीप निखळली आणि तीन ओळी कौलं अंगणात आली. रीप कौलं धरायला असते, पन्हळ टांगायला नसते. त्या घरी मी अजून गेलो की म्हातारी आधी तारेचा विषय काढते, मग चहा.

बसवताना उतार डोळ्याने ठरवू नका. जुन्या घरात पागोळ्यांची रेघ कधीच सरळ नसते. मधले वासे दबलेले असतात, एक कोपरा खाली बसलेला असतो. कारागीर पन्हळ कौलांच्या कडेला समांतर लावतो, मालकालाही तेच छान दिसतं, आणि मग उतार गायब. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे हेही झालंय, कारण पन्हळीचं पोट नेमकं तिथेच आहे जिथे पाखंही दबलेलं असतं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन्ही टोकांना पातळीच्या खुणा करा, आणि पाइपाच्या बाजूची खूण खाली आणा. मी मीटरला पाच मिलिमीटर धरतो. तुमच्या नऊ मीटरला साडेचार सेंटीमीटर, म्हणजे पावणेदोन इंच. पुस्तकात याहून कमी उतार चालतो म्हणतात, पण पुस्तकात फणसाची पानं नसतात. मग दोन खुणांमध्ये दोरी ताणायची आणि प्रत्येक पट्टी त्या दोरीला लावायची. घर थोडं तिरकं दिसेल. दिसू दे.

पट्ट्या दर दोन फुटांवर, जमलं तर प्रत्येक वाशाला. २५ मिलिमीटर रुंद आणि ५ जाड लोखंडी पट्टी वाकवून, रेडऑक्साइड आणि वरून रंग मारून, वाशाच्या बाजूला दोन आरपार नट-बोल्टने आवळायची. खिळे नकोत. तुमचं घर समुद्रापासून लांब आहे म्हणून लोखंड चालेल. गुहागर-हर्णैच्या किनाऱ्याला मी स्टेनलेसचेच बोल्ट वापरतो, तिथली खारी हवा साध्या बोल्टला चार-पाच वर्षांत खाते. जोड असेल तिथे दोन्ही बाजूंना सहा इंचांच्या आत एकेक पट्टी. जोडात वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत यायला हवा, उलट झाला तर कितीही सिलिकॉन भरा, ठिबकणार. पाइपाच्या बाजूचं टोक पक्कं करा, दुसरं टोक नुसतं पट्टीत बसवून मोकळं सोडा आणि त्याच्या झाकणापुढे इंचभर जागा ठेवा. लांबायचं तेवढं लांबू दे.

सध्याची पन्हळ किती वाकलीय यावर ती परत वापरायची की नाही ते ठरेल. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर झोल असेल तर जवळजवळ आधार दिल्यावर तो बसतो. जास्त पिळली असेल, किंवा कड तडकली असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा घाला. सगळी ३० फूट फेकायची गरज मला दिसत नाही.

टोकं कुजलेली निघाली तर गोष्ट वेगळी, आणि खर्चही वेगळा. मग पन्हळीचा विचार बाजूला ठेवून आधी लाकूड. खालच्या तीन-चार ओळी कौलं उतरवायची, कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा, आणि जुन्या वाशाला बाजूने नवा तुकडा नट-बोल्टने जोडायचा. बाहेर फूटभर येणार असेल तर आत निदान दोन-अडीच फूट जुन्या वाशाला लागून जायला हवा, आणि त्यातला काही भाग भिंतीवर टेकलेला हवा. नुसत्या टोकाला टोक जोडलेलं मी चालवून घेत नाही. नव्या लाकडाच्या कापलेल्या तोंडाला दोन-तीन वेळा तेल किंवा वाळवीचं औषध पाजायचं, पाणी तिथूनच शिरतं. हे पावसाआधीच. तुमच्या पाख्याखाली लाकडी वाशांऐवजी लोखंडी ट्रस, म्हणजे सांगाडा, असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण हल्ली बरेच जण बदलून घेतात) तर कुजण्याचा प्रश्न नाही. मात्र पट्ट्या वेल्डिंगने चिकटवल्या असतील तर तिथला रंग जळून गंज धरतो, तो घासून परत रंगवावा लागेल.

आता ८ इंचीबद्दल. 'झोल' म्हटलं की लोकांना लगेच कारागिराने घातलेला झोल आठवतो, पण तुमचा माणूस फसवत असेल असं मला वाटत नाही. पाणी सांडताना त्याने पाहिलं, म्हणून त्याला पन्हळ लहान वाटली. हिशेब करून बघू. पाखं ३० फूट बाय १५ फूट, म्हणजे साधारण ४२ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळला, आणि आपल्याकडे थोडा वेळ का होईना असा कोसळतो, तर मिनिटाला ७० लिटर पाणी त्या पन्हळीत येतं. साडेचार-पाच बादल्या. सरळ, स्वच्छ, उतार असलेली ६ इंची पन्हळ आणि तिला ४ इंची पाइप असेल तर एवढं पाणी जातं. तुम्ही खालचा पाइप ३ इंची आहे असं लिहिलंय, आणि त्याच्या तोंडावर जाळी आहे. माझ्या मते अडतंय तिथे. जाळीला दोन फणसाची पानं चिकटली की भोक बंद. जाळी काढा, पाइप ४ इंची करा. तरीही सांडलं तर दुसऱ्या टोकालाही पाइप द्या आणि उतार मधून दोन्हीकडे काढा. त्यानंतर ८ इंचीचा विचार. कारण ८ इंची भरली की मीटरला नऊऐवजी पंधरा-सोळा किलो होतात. त्याच कच्च्या खिळ्यांवर जवळजवळ दुप्पट ओझं टांगायचं, आणि पुढच्या वर्षी दुप्पट पोट बघायचं.

एक विचारून ठेवतो, राग मानू नका: तुम्हाला पूर्ण ३० फूट पन्हळ हवीच आहे का? आपल्या जुन्या घरांना पन्हळी फारशा नव्हत्याच. पाखं पुढे काढलेलं, पागोळ्या जोत्यापासून लांब पडायच्या, जिथे पडायच्या तिथे चिरे किंवा गोटे लावून चर काढलेला, पाणी त्यातून परसात. दुरुस्ती शून्य. दहा महिने बंद असलेल्या घराला हे जास्त मानवतं. पायरीच्या वर आणि जिथे जाणं-येणं आहे तेवढीच दहा-बारा फूट पन्हळ ठेवून बाकी मोकळं सोडलेलं मी दोन-तीन घरांत केलंय, आणि मालक खूश आहेत. पण तुमचं पाखं भिंतीपासून दीड-दोन फूट तरी पुढे आलेलं हवं, आणि भिंत उघड्या जांभ्याची असेल तर खालचे शिंतोडे अडवायची काहीतरी सोय लागेल. पाणी शेजाऱ्याच्या आवारात जात असेल तर हा मार्ग सोडून द्या, भांडणापेक्षा पन्हळ स्वस्त.

छपरावर वानरं येतात, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. त्यांना ओझरतं घेऊ नका. एक मोठा नर पन्हळीच्या कडेवर उतरला की पाच फुटांवरचे क्लॅम्प टिकत नाहीत, आणि ती कळपाने येतात. उपाय माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. दोन फुटांवर पट्टी असली तर पन्हळ तग धरते, कौलं मात्र फुटतातच.

हे सगळं काम मे महिन्यात. आत्ता भर पावसात कुणालाही कौलांवर चढवू नका, शेवाळलेल्या कौलावर पाय ठरत नाही. गणपतीला जाल तेव्हा फक्त तात्पुरतं करा: झोलाच्या जागी खालून बांबूचा टेकू, वरच्या टोकाला बेचकं ठेवून, आणि पाइपाच्या तोंडावरची जाळी शिडीवरूनच काढून टाकायची. शिडी लावण्याआधी विजेची सर्व्हिस वायर कुठून येते ते बघा. कोकणातल्या बऱ्याच घरांत ती नेमकी पागोळ्यांखालून जाते, आणि हल्ली सगळ्यांकडे ॲल्युमिनियमच्या शिड्या आहेत.

काम झालं की पाऊस यायची वाट बघू नका. वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता आणि दहा मिनिटांनी हात फिरवून बघा कुठे थांबलंय का. थांबलं असेल तर कारागीर अजून शिडीवर असतानाच पट्टी हलवून घ्या. आणि चावी ज्या शेजाऱ्याकडे असते त्याला वर्षातून दोनदा पन्हळ साफ करायचे पैसे ठरवून द्या, एकदा मेअखेरीस आणि एकदा श्रावणात.

टोचून बघितलंत की फोटो पाठवा. अंगणातून काढलेला नको, त्यात नुसती पन्हळ दिसते. शिडीवरून, वाशाचं टोक आणि शेवटची रीप दिसेल असा काढा, मग लाकडाचं काय करायचं ते नेमकं सांगता येईल.